जुन्या यंत्राचा घाट

जुनी वस्तू टाकवत नाही, हा आम्हां मध्यमवर्गीयांचा पिढीजात आजार आहे. मोडकी छत्री, दांडी गेलेला चष्मा, बंद पडलेले घड्याळ, सारे काही ‘केव्हातरी उपयोगी पडेल’ म्हणून माळ्यावर जाते आणि ते ‘केव्हातरी’ सहसा उगवत नाही. आमच्या घरी मात्र यंदा ते उगवले. २००८ साली घेतलेला आमचा लॅपटॉप माळ्यावरून खाली उतरला. आणि त्याने आम्हांला जो धडा दिला, तो या दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्याचे असे झाले. आमची एक विद्यार्थिनी पवन मावळातली. एम. ए. च्या लघुप्रबंधासाठी तिने आपल्या आजीच्याच जात्यावरच्या ओव्या घेतल्या. विषय नवा नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आहेत. पण आपल्या आजीच्या ओव्या आपणच लिहून घेतल्या पाहिजेत, हा मुलीचा हट्ट. आजी पंचाऐंशीच्या पुढची; उद्याचे कोणी सांगावे? मुलीपाशी ध्वनिमुद्रणापुरता फोन होता, लॅपटॉप नव्हता. नवा घ्यावा तर चाळीस हजार. घरी दोन म्हशी आणि चार गुंठे भात. आम्ही म्हटले, “अगं, आमचा जुना घेऊन जा.”

दानशूरपणाचा हा आनंद आठ दिवस टिकला. मुलगी आजीला शेजारी बसवी, मुद्रण लावी, अडलेला शब्द विचारी. परंतु फाइल उघडावयाची म्हणजे यंत्र आधी विचारात पडे, आणि ते भानावर येईतो आजीला डुलकी लागे.

मुलीचा भाऊ कामशेतला मोबाइल दुरुस्त करतो. तो म्हणाला, “सर, प्रोसेसर बदलू. तुमच्या जुन्या लॅपटॉपात तो सॉकेटात बसवलेला असतो, स्क्रू फिरवला की निघतो. २०१५ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपांत तो मदरबोर्डालाच डकवून टाकतात. तिथं काही चालत नाही.” आमच्या यंत्रात इंटेलचा कोअर टू ड्युओ टी ७२५० होता. त्याच सॉकेटात बसणारा, तेवढीच वीज खाणारा टी ९३०० त्याने पुण्याहून, कुणाच्या मोडीत निघालेल्या यंत्रातला, थोडक्या पैशांत आणला. येथवर सारे शहाणपणाचे झाले.

हिशेब असा की, मदरबोर्डावरचे घड्याळ सेकंदाला वीस कोटी ठोके देते. जुना प्रोसेसर त्याची दहापट करी, म्हणजे दोनशे कोटी. नवा साडेबारा पट करतो, म्हणजे अडीचशे कोटी. यालाच दोन आणि अडीच गिगाहर्ट्‌झ म्हणतात. यंत्र थोडे हुशारले. पण मनुष्याचा स्वभाव! पोराच्या मनात आले, मुळातले घड्याळच पळवले तर? वीसचे बावीस कोटी केले की, प्रोसेसर आपोआप पावणेतीनशे कोटींवर जाईल. यास ‘ओव्हरक्लॉक’ करणे म्हणतात. त्याने आम्हांला विचारले. आम्ही मराठीचे प्राध्यापक. वेगाचे आम्हांला अगाध ज्ञान! “कर बाबा,” म्हणालो.

तीन दिवस सर्वजण खूश होते. चौथ्या दिवशी दुपारी यंत्र तापले, अडखळले आणि बंद पडले. पुन्हा सुरू केले, तेव्हा आदल्या दुपारचे मुद्रण उघडेना. फोनमध्ये जागा नाही म्हणून मुलीने तिकडचे आधीच पुसले होते. एका दुपारच्या ओव्या गेल्या.

आम्ही लाजत लाजत आजींकडे गेलो आणि त्याच ओव्या पुन्हा म्हणाल का, असे विचारले. आजी म्हणाल्या, “मास्तर, जात्याव बसल्याव सुचंल ते गायचं. त्या दिशी लेकीची याद आली व्हती. आज न्हाई.” त्या गायल्या, पण त्या ओव्या निराळ्या होत्या.

त्या रात्री लोणावळ्यास परतल्यावर आम्ही कागदावर हिशेब मांडला. अडीचशेचे पावणेतीनशे म्हणजे दहा टक्के. दहा मिनिटांचे काम फार तर नऊ मिनिटे पाच सेकंदांत होणार. पंचावन्न सेकंदांसाठी आम्ही एक दुपार घालविली होती.

का, तेही मग समजून घेतले. प्रोसेसरची उष्णता ठोक्यांच्या प्रमाणात वाढते. आणि जास्त ठोके झेपावेत म्हणून विजेचा दाब वाढवावा, तर ती दाबाच्या वर्गाने वाढते. दाब दहा टक्के चढवला की, तेवढ्यानेच उष्णता एकवीस टक्के चढते. शिवाय त्याच घड्याळावर बिचारी रॅमही चालते. तिला झेपेनासे झाले की ती चुकते, आणि तिची चूक हार्ड डिस्कवर खरे म्हणून लिहिली जाते. हे शहाणपण खुद्द इंटेलनेही ठेच लागल्यावरच घेतले. २००४ साली तिने चार गिगाहर्ट्‌झच्या पेंटियम ४ चा बेत सोडला आणि एकच गाभा पळवीत राहण्याऐवजी दोन गाभे जोडण्याकडे मोर्चा वळविला. आमच्या प्रोसेसरच्या नावातला ‘ड्युओ’ म्हणजे हेच दोन. धडा नावातच लिहिलेला होता!

आणि आम्हां लोणावळेकरांना तर तो दारातच शिकावयास मिळतो. १८६३ साली बोरघाटातून गाडी सुरू झाली. चढ सदतिसास एक असा उभा. त्या चढावर कोणी पुढच्या इंजिनाला ‘आणखी जोर लाव’ म्हणत बसत नाही. आजही बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात आणि ती गाडी वर ढकलून आणतात. रोज ती शिट्टी ऐकून आमच्या डोक्यात मात्र उजेड पडला नव्हता.

पुढच्या रविवारी भावाने यंत्र पुन्हा उघडले. पंख्याच्या जाळीत पंधरा पावसाळ्यांचा गाळ वाळून बसला होता; प्रोसेसर बदलताना घाईत तो तसाच राहिला होता. प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती, ती खरवडून नवी लावली. घड्याळ पूर्ववत वीस कोटींवर आणले. दोन जीबी रॅमची चार केली, हार्ड डिस्क काढून एस. एस. डी. बसविली, आणि विंडोजच्या जागी फुकट मिळणारे लिनक्स घातले. नव्वदीच्या घरातले तापमान साठीवर उतरले, आणि मिनिटांत उघडणारी फाइल आता आजीला डुलकी लागण्याआधी उघडते.

तेव्हा वाचकहो, माळ्यावरचे यंत्र खाली काढणार असाल, तर आमचा क्रम उलटा करा. पहिल्या दिवशी दोन ठिकाणी नकला ठेवा. मग धूळ काढा, पेस्ट बदला, रॅम आणि एस. एस. डी. घाला. त्यानंतरही हौस उरली, आणि यंत्राला सॉकेट असेल, तर प्रोसेसर बदला. घड्याळाला मात्र हात लावू नका.

दसऱ्याला आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. जात्याला हळदकुंकू वाहिले होते, आणि शेजारी पाटावर आमचा लॅपटॉप, त्यावर झेंडूचे फूल. मुलीने एक ओवी लावली. आपलाच आवाज ऐकून आजी हसल्या, थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्या आवाजाच्या पुढची, प्रबंधात नसलेली एक ओवी म्हणू लागल्या. मुलीने फोन पुढे केला. या खेपेस तिने तेथेच, आमच्यासमोर, तिच्या दोन नकला केल्या.