तालुक्याचा वार्ताहर तुमच्या कायद्यात कुठे बसतो?

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

पत्रकार संरक्षण कायदा 7 एप्रिल 2017 रोजी मंजूर झाला, तेव्हा मुख्यमंत्री आपणच होतात. राष्ट्रपतींची संमती मिळायला 2019 उजाडले. असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य, हे आम्हाला तोंडपाठ झाले आहे. कलमेही पाठ आहेत: हल्लेखोराला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याकडे नाही.

पण आमच्यातल्या एका वार्ताहराने खाडीतला रात्रीचा वाळूउपसा मोबाईलवर टिपला. त्याला मारहाण झाली, मोबाईल पाण्यात गेला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, नियुक्तीपत्र आहे का? नव्हते. एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली आणि घरी पाठवले. अर्ज वरपर्यंत गेले, उत्तर एकाचेही नाही.

दोष त्या हवालदाराचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या कायद्याची व्याख्याच तशी आहे. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आणि जो माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीला, तोच पत्रकार. आता मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातले वार्ताहर पाहा. मानधन पेट्रोलला पुरत नाही, म्हणून कोणी झेरॉक्सचे दुकान चालवतो, कोणी कलमांची बाग सांभाळतो, कोणी जाहिरातींच्या कमिशनवर घर चालवतो. हातात ना नेमणुकीचा कागद, ना अधिस्वीकृतीपत्र. एलईडी आणि पर्ससीनची मासेमारी, चिरेखाणी, वाळू, यांच्या बातम्या मुंबईचे संपादक देत नाहीत, हेच लोक देतात. ज्याच्याविरुद्ध बातमी लागते, तो दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात समोर उभा असतो. मार खाण्याची वेळ ज्याच्यावर सर्वांत जास्त येते, नेमका तोच कायद्याबाहेर राहिला.

तालुक्यात बातमीची किंमत काय असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. 6 फेब्रुवारी 2023 रोजी आमच्या शेजारच्या राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. त्याच सकाळी तिथल्या प्रस्तावित रिफायनरीच्या समर्थकाविषयीची त्यांची बातमी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा गृहखाते आपल्याकडे होते.

पत्रकारितेची परंपराही इथलीच. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ काढले. युरोपातल्या दोन छोट्या देशांशी ताडून पाहा. सर्बियाच्या भूमीवर पहिले वृत्तपत्र 1834 मध्ये निघाले. बल्गेरियन भाषेतले पहिले नियतकालिक 1844 मध्ये, तेही तुर्कांच्या स्मर्ना शहरातून. आपण त्यांच्या आधीचे. पण पत्रकारांच्या स्वातंत्र्याच्या जागतिक यादीत काय झाले? 2021 मध्ये बल्गेरिया 112 वा होता, भारत 142 वा. 2023 मध्ये बल्गेरिया 71 वर चढला, भारत 180 देशांत 161 वर घसरला. त्या वर्षी सर्बियाही आपल्या पुष्कळ वर होता, 91. आणि त्या सर्बियात तरी सारे आलबेल आहे का? संपादक स्लाव्को चुरुविया यांना 11 एप्रिल 1999 रोजी बेलग्रेडमध्ये घरासमोर गोळ्या घातल्या. 2019 मध्ये चौघांना शिक्षा झाली, 2024 मध्ये चौघेही सुटले. 25 वर्षांनंतर खुनी कोणीच नाही! वारिशे यांच्या घरच्यांवर ती वेळ येऊ नये, एवढी जबाबदारी तरी सरकारची आहे.

जांभेकर ‘दर्पण’ चालवताना एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. आपल्या व्याख्येत तेही बसले नसते, साहेब. दर 6 जानेवारीला ज्यांच्या तसबिरीला हार घालता, त्यांच्यावर हल्ला झाला असता तर त्यांच्याही हाती एनसीच आली असती.

नेमणुकीची आणि मुख्य व्यवसायाची अट काढा. ज्याची बातमी छापली वा दाखवली गेली, तो त्या बातमीपुरता पत्रकार धरा. छापील अंक हाच त्याचा पुरावा. 2019 पासून या कायद्याखाली सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत किती गुन्हे नोंदले, किती खटले उभे राहिले, किती जणांना शिक्षा झाली, हे पोलीस ठाण्यांप्रमाणे जाहीर करा. दुरुस्ती विधेयक येत्या अधिवेशनात मांडणार की नाही, ते लेखी कळवा. तोंडी आश्वासने आम्ही यापुढे छापणार नाही.

मालवण तालुक्यातील एक वार्ताहर