सोलर विकणारे ढीगभर झाले, सांभाळणारे कुठे आहेत?

सोलरवर व्हिडिओ टाकला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, एजन्सी कशी घ्यायची?" माझं मत स्पष्ट सांगतो. आपल्या निफाड तालुक्यात नवीन माणसाने आज पॅनेल विकायच्या धंद्यात उतरू नये. बसलेली पॅनेल सांभाळायच्या धंद्यात उतरावं.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, 3 किलोवॅटला 78,000 रुपये सबसिडी मिळायला लागली आणि विकणाऱ्यांची रांग लागली. आता दर पाडून गिऱ्हाईक ओढणं चाललंय. त्यात तुमचं भांडवल अडकणार. उलट सायखेड्याच्या बाजारात उभं राहून गच्च्यांकडे बघा. पॅनेल दिसतात, आणि त्यांच्यावरची धूळपण दिसते.

गिऱ्हाईक म्हणणार, "25 वर्षांची गॅरंटी आहे की, मग सर्व्हिस कशाला?" इथं तुमचा अभ्यास पाहिजे. ती 25 वर्षं बहुतेक वेळा परफॉर्मन्स वॉरंटीची असतात. म्हणजे 25 वर्षांनी पॅनेल मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या आसपास वीज देईल, एवढंच वचन. बांधणीतल्या दोषाची वॉरंटी वेगळी, बऱ्याचदा 10-12 वर्षांची. धूळ, सावली, चुकीच्या धुण्याने तडकलेली काच हे त्यात कुठेच बसत नाही. पॅनेल स्वतः मात्र चिवट असतं. स्वित्झर्लंडमधल्या लुगानोला 1982 मध्ये बसवलेली पॅनेल 35 वर्षांनी तपासली, तेव्हा त्यातली निम्म्याहून जास्त अजून 80 टक्क्यांच्या वर चालत होती. आधी थकतो तो इन्व्हर्टर, साधारण 10 ते 15 वर्षांत. हे पहिल्याच भेटीत सांगून टाका, म्हणजे माणूस त्या खर्चाची सोय करून ठेवेल.

आता आपल्याकडची घाण. पुस्तकात नुसती 'धूळ' लिहिलेली असते. इथं कांद्याच्या खळ्यावरून फोलपटं उडतात, मळ्यातल्या घरावर द्राक्षाच्या फवारणीचे तुषार बसतात, त्यावर माती चिकटते. कबुतरं आहेतच. नुसत्या फडक्याने हे निघत नाही. आधी पाण्याने भिजवा, मग मऊ ब्रश, मग वायपर. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर ते काचेवर वाळू देऊ नका, पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा वाईट. काही जण ठिबकच्या नळ्या साफ करायचं ॲसिड काढतात. ते पॅनेलजवळ आणूच नका. कपड्यांची पावडरही नको. धुवायचं सकाळी ऊन चढायच्या आत, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर ती तडकू शकते. पॅनेलवर पाय देऊन चढणारा पोरगा ठेवू नका. काच फुटली नाही तरी आतल्या सेलला बारीक चिरा जातात, त्या डोळ्याला दिसत नाहीत, युनिटमध्ये दिसतात.

पैशाचं बोलू. 3 किलोवॅटची सिस्टीम सरासरी दिवसाला 12 युनिट देते. घाणीने 10 टक्के घट धरली तर महिन्याला 36 युनिट गेले. युनिटला 10 रुपये धरा, 360 रुपये झाले. तुम्ही एका धुण्याचे 500 मागितले तर अण्णा चहा पाजतील आणि वाटेला लावतील! म्हणून वर्षाचा करार करा. ऑक्टोबर ते मे आठ धुणी आणि दोन तपासण्या, 2,400 रुपये. गिऱ्हाइकाचे आठ महिन्यांत 2,880 वाचतात, त्याला परवडतं. पावसाळ्यात धुणं पाऊसच करतो. अशी 40 घरं म्हणजे वर्षाला 96,000 रुपये आणि 320 धुणी. एका गल्लीतली सहा घरं एका सकाळी उरकली तर साधारण 54 सकाळी लागतात. यातून पेट्रोल आणि मदतनीस जाणार. हे जोडधंद्याचं गणित आहे, त्याला जोडधंदाच म्हणा. इलेक्ट्रिकचं दुकान असेल तर सोन्याहून पिवळं.

तपासणीत काय बघायचं? अर्थिंग, सैल झालेले नट-बोल्ट, उंदराने कुरतडलेली वायर, जळाल्याचा वास येणारा कनेक्टर, आणि झाडाची नवीन सावली. पॅनेलवर ऊन आहे तोवर वायरीत दोनशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो, मेन स्विच बंद केला तरी. त्यामुळे वायरिंगला हात लायसनवाल्या वायरमननेच लावायचा. सूर्यघर योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल बसवणाऱ्या व्हेंडरची जबाबदारी आहे. त्या घरी तुम्ही धुवा, नोंद ठेवा, बिघाड दिसला तर गिऱ्हाइकाला व्हेंडरकडे लेखी तक्रार करायला लावा. स्वतः काही खोलू नका, वॉरंटीचा वाद तुमच्या अंगावर येईल.

आणखी एक, खास सायखेडा-चांदोरीवाल्यांसाठी. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 ला गोदावरीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं, ते इथल्या प्रत्येकाला भिंतीवर हात ठेवून दाखवता येतं. तरी इन्व्हर्टर खालच्या मजल्यावर, मीटरशेजारी लावलेला सापडतो, कारण तिथं वायर कमी लागते. करार करताना त्या खुणेच्या वर इन्व्हर्टर आहे का ते बघा. नसेल तर वर घ्यायचा खर्च वेगळा सांगा, आणि हे काम मे महिन्यातच उरका. ते बोलणं झालं की त्याच दिवशी इन्व्हर्टरवरचं एकूण युनिटचं रीडिंग वहीत उतरवा, तारीख टाका, गिऱ्हाइकाची सही घ्या. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तुलना दाखवायला तेच लागतं.