पावसात सायकल, अंगात ऊब



पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेला गडी असो, की पाच-सहा किलोमीटरवरच्या शाळेत जाणारी मुलगी. पावसात सायकल चालवणाऱ्याचा सगळा आटापिटा भिजू नये म्हणून असतो. पण तासभर सायकल हाणली की माणूस भिजतोच. वरून पावसाने नाही भिजला, तर रेनकोटाच्या आत घामाने. तेव्हा कोरडे राहण्यापेक्षा ऊब टिकवण्याकडे लक्ष द्यावे.

पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगाला चिकटतो. त्यावर सायकलचा वारा लागला की हुडहुडी भरते. लोकरीचे तसे नाही. आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल ती पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. धनगर भर पावसात घोंगडे पांघरून मेंढरांमागे उभा राहतो, तो याच जोरावर.

घोंगडे सायकलवर चालायचे नाही. ते जड होते आणि चाकात अडकते. पण त्याचे मर्म घ्यावे. अंगालगत सुती बनियनऐवजी पातळ लोकरी स्वेटर घालावा. टोचत असेल तर पॉलिएस्टरचा खेळाचा बनियन आत घालावा. त्यावर रेनकोट. चढाला गळ्याची बटणे सोडावीत, म्हणजे घाम साचत नाही; उताराला लावावीत. रेनकोट नसेल तर खताच्या पोत्यातली प्लास्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन तिला डोक्याला व हातांना भोके पाडावीत. औषध फवारणीच्या मालाची पिशवी मात्र चुकूनही वापरू नये.

निफाडकडे हिवाळ्यात पारा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा कोरड्या थंडीत सदऱ्याच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवावी. वारा अडतो, खर्च काही नाही.

ओढणी, पदर, धोतराचा सोगा, मफलरचे टोक हे सगळे आत खोचावे. विजारीच्या पायाला रबर लावावे. साखळीत किंवा तारांत कापड गेले की सायकल जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. हातमोजे लोकरीचे घालून वर प्लास्टिकची पिशवी चढवावी, पण ब्रेक दाबता आला पाहिजे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, म्हणून तो आधीपासून दाबावा.

एक गोष्ट घरच्यांनी ध्यानात ठेवावी. भिजून आलेले माणूस थडथडत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, बटण काढता येत नसेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. थरथर आपोआप थांबली आणि गुंगी आली, तर धोका आणखी वाढला असे समजून लगेच दवाखान्यात न्यावे. तोवर ओले कपडे काढून अंग टिपावे, कोरडे पांघरूण घालावे. शुद्धीवर असेल तर कोमट गोड चहा द्यावा. दारू देऊ नये, हातपाय चोळू नयेत, चुलीशी अगदी जवळ बसवू नये.

मुलांच्या दप्तरात पावसाळाभर एक कोरडा सदरा आणि पायमोजे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, रोज जाऊ द्यात. शाळेत पोचल्यावर ते बदलले की दिवसभराची थंडी टळते.