गणपतीचा बाजार आणि हळवे कान

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा श्रावण लागलेला असेल आणि रत्नागिरीत घरोघरी गणपतीच्या सामानाची बोलणी सुरू झालेली असतील. लोकमान्य टिळकांनी 1893 पासून ह्या उत्सवाच्या सार्वजनिक रूपाचा हिरिरीने पुरस्कार केला. तथापि त्यांच्या जन्मगावी तो अद्यापि मुख्यत्वे घरातलाच उत्सव राहिला आहे. त्यामुळे येथील गर्दी मंडपात होण्याआधी राम आळीत होते. कोकण रेल्वे 1998 साली पूर्ण मार्गाने धावू लागल्यापासून मुंबईचा चाकरमानी चतुर्थीच्या आधल्या दोन दिवसांत लोंढ्याने उतरतो, आणि त्याची व आपली खरेदी एकाच अरुंद रस्त्यावर येऊन ठेपते.

त्या रस्त्याचे वर्णन आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. वर भाद्रपदाची झड, तिच्यापासून बचाव म्हणून दुकानांपुढे बांधलेली प्लास्टिकची कापडे, त्यांखाली कोंडलेली उष्ण हवा; ओल्या छत्र्यांची टोके, दुचाक्यांचे भोंगे, प्रत्येक दुकानातून वेगळी आरती गाणारा ध्वनिवर्धक, मखरांवर लुकलुकणाऱ्या विजेच्या माळा, आणि ह्या सर्वांत मिसळलेला कापूर, उदबत्ती, तेरडा व तळणीचा वास. बहुतेकांस हीच सणाची खूण वाटते, आणि ती आम्हांसही प्रिय आहे. परंतु प्रत्येक मोठ्या कुटुंबात एखादे तरी माणूस असे असते की ज्यास ह्या रस्त्यावर पाच मिनिटे काढणेही यातनेसारखे होते. ह्या महिन्यात आम्ही त्याच्याविषयी लिहीत आहोत.

पुष्कळदा ते माणूस म्हणजे सहासात वर्षांचे मूल असते. ते भर रस्त्यात कानांवर हात घेऊन बसकण मारते, किंचाळते, आईचा हात झिडकारते. भोवती माणसे थांबतात. कोणी म्हणतो, लाडावून ठेवले आहे. कोणी म्हणतो, एक चपराक द्या म्हणजे शुद्धीवर येईल. घरी परतल्यावर हीच चर्चा माजघरात होते आणि तिचा रोख मुलावर न राहता हळूहळू त्याच्या आईकडे वळतो. पुढल्या वर्षी तिला व मुलाला घरी ठेवून बाकीचे बाजारास जातात, त्यापुढल्या वर्षी लग्नकार्यासही. असे एका सुनेचे जग आकसत जाते, आणि घरातील कोणासच आपण काही कठोर केले असे वाटत नाही.

वस्तुस्थिती काय आहे ती पाहू. डोळ्यांस पापण्या आहेत, कानांस नाहीत. येणाऱ्या असंख्य संवेदनांतून हवे ते वेचून बाकीचे मागे सारण्याचे काम मेंदू आपल्या नकळत अहोरात्र करीत असतो. म्हणूनच गलक्यातही आपणांस दुकानदाराचा भाव ऐकू येतो. काही जणांचा मेंदू ही पाखडणी आपल्यासारखी करीत नाही. त्यांच्यापुढे कोंडा व दाणा एकाच वजनाने येऊन पडतो. अमेरिकेतील डॉ. लिओ कॅनर ह्यांनी 1943 साली अकरा मुलांचा अभ्यास करून ज्यास आज आपण स्वमग्नता किंवा ऑटिझम म्हणतो तिचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हाच ह्यांतील मुले घर झाडण्याच्या विजेच्या यंत्रासारख्या आवाजांनी भयभीत होतात अशी नोंद केली होती. तरीही अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत संवेदनांची ही अतितीव्रता लक्षण म्हणून समाविष्ट व्हावयास 2013 साल उजाडावे लागले. स्वतः स्वमग्न असलेल्या व पशुविज्ञानात मोठे नाव मिळविलेल्या टेंपल ग्रँडिन ह्या विदुषीने आपल्या बालपणी शाळेची घंटा दंतवैद्याचे यंत्र शिरेस लागल्यासारखी झोंबत असे, असे सांगितले आहे. आपल्याकडे 1995 च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. 2016 च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत तो आला. ज्यांस हे नाव लागू नाही अशीही कित्येक मुले गोंगाटाने बावरतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. बाजारात रडणारे प्रत्येक मूल वैद्याकडे नेण्याचे कारण नाही.

मग हा हट्ट आहे की त्रास, हे ओळखावे कसे? हट्टी मुलाचे लक्ष आपल्याकडे असते; रडता रडता ते आपली मुद्रा न्याहाळते, आणि मागितलेली पिपाणी हाती पडताच शांत होते. संवेदनांच्या माऱ्याने कोसळलेल्या मुलास पिपाणी दिली तरी ते थांबत नाही, कारण त्याला काही मिळवावयाचे नसते. तेथून सुटावयाचे असते. त्या क्षणी त्याला समजावू नये, प्रश्न विचारू नयेत, दटावू तर नयेच. प्रत्येक शब्द हा आणखी एक आवाज आहे. मुकाट्याने त्याला गर्दीबाहेर न्यावे. बाजारापासून मांडवीचा किनारा फार दूर नाही, आणि समुद्राचा एकसुरी घोष अशा कित्येक मुलांस मानवतो.

वडीलधाऱ्यांचाही येथे विसर पडू नये. वार्धक्याने कान मंद झालेल्या आजोबांस गर्दीत उलट त्रास अधिक होतो, ह्याचे घरच्यांस नवल वाटते. परंतु अशा कानास हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम असह्य होतो. शिवाय कानात बसविलेले श्रवणयंत्र भाव सांगणाऱ्या दुकानदाराबरोबर शेजारचा भोंगाही मोठा करून देते. अर्धशिशीचा विकार असणाऱ्या स्त्रियांस लुकलुकते दिवे व उग्र वास किती बाधतात, हे त्याच जाणतात. सणाच्या घाईत त्या बहुधा बोलत नाहीत.

ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी बाजारपेठेत दिवसा 65 व वस्तीत 55 डेसिबलची मर्यादा घातली आहे. ह्या मापाची चढण मोठी फसवी आहे: 65 चे 75 झाले की ध्वनीची शक्ती दसपट होते. नियम कागदावर आहे. दुकानाच्या फळीवरचा ध्वनिवर्धक मात्र शेजाऱ्याच्या ध्वनिवर्धकाकडे पाहून चढत जातो. आम्हांस असे वाटते की कोणत्याही दुकानदाराचा एकही नारळ आरतीच्या ध्वनिमुद्रिकेमुळे अधिक खपला नसेल.

विलायतेत हीच अडचण नाताळाच्या बाजारात येते. तेथील नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने 2017 साली दुकानदारांस गळ घालून वर्षातून काही दिवस एक तास दिवे मंद व संगीत बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. पुढे 2018 साली मॉरिसन्स नावाच्या मोठ्या दुकानसाखळीने दर शनिवारी सकाळी असा तास पाळण्यास आरंभ केला. ह्यास खर्च काहीच नाही. रत्नागिरीच्या व्यापाऱ्यांनी चतुर्थीपूर्वीच्या आठवड्यात सकाळचा पहिला तास ध्वनिवर्धकाविना ठेवला, तर त्यांची फुले काही सुकणार नाहीत.

व्यापारी ऐकोत वा न ऐकोत, घरात पुष्कळ करता येते. एकत्र कुटुंबात माणसे भरपूर असतात ही सोय आहे, ती वापरावी. मुलास न्यावयाचे असेल तर त्याच्याबरोबर जाणाऱ्याकडे खरेदीची पिशवी देऊ नये; त्याचे काम एवढेच, की मूल बावरू लागताच परत फिरावे. हे काम दर वेळी आईनेच का करावे? काकाने करावे, आजीने करावे. कान झाकणारी साधी आवरणे मिळतात, ती घालून मूल आरतीस उभे राहिले तर देवाचा अवमान होत नाही. ते पडवीत बसून एकवीस-एकवीस दुर्वांच्या जुड्या बांधीत असेल तर तीही पूजाच आहे. एक मौजेची गोष्ट अशी की दुसऱ्याच्या झांजेने घाबरणारे मूल स्वतःच्या हातातील झांज आनंदाने वाजविते. आवाज केव्हा येणार हे त्याला तेव्हा ठाऊक असते.

आपल्या चालीरीतींत शांततेस जागा नाही असे कोणी म्हणू नये. ज्या घरांत खड्यांच्या गौरी आहेत, त्यांतील कित्येकींत पाणवठ्यावरून खडे आणणारी वाटेत एक शब्द बोलत नाही. आणि मूर्तीसाठी चित्रशाळेत आपला पाट आधीच नेऊन देण्याची कोकणची जुनी रीत तर आगाऊ व्यवस्थेचाच नमुना आहे. तीच रीत बाकीच्या सामानासही लावता येईल. कापूर, वाती, उदबत्ती, गूळ, मखराचे साहित्य व मुलांचे कपडे श्रावणातच, एखाद्या साध्या सकाळी दुकाने उघडताच आणून ठेवावेत. मोदकांचे तांदूळ धुऊन वाळवून दळून आणावेत. मग हरितालिकेच्या दिवशी राम आळीतून आणावयाचे उरते ते फुले, पत्री आणि केळीची पाने एवढेच, आणि त्यासाठी घरातील एकच माणूस गेले तरी पुरते.