पडद्यावरचा गूळ

तारण ठेवलेला माल मोजायला साहेबांबरोबर गोदामात जाणे, ही आम्हा बँकेतल्या कारकुनांची एकमेव सहल. मागच्या महिन्यात भिवंडीला गूळ मोजायला गेलो होतो.

तिथे पूर्वी नाना असत. कानावर पेन्सिल, खांद्यावर पंचा. ढेपेवर थाप मारून सांगत, "ही गेल्या हंगामातली, आधी काढा." आता नाना नाहीत. मालकांनी संगणक घेतला आणि नानांना नारळ दिला. त्यांच्या जागी टॅबलेट घेतलेला एक चुणचुणीत मुलगा होता.

"सर, सगळं डिजिटल झालंय. स्टॉक ४१२ ढेपा."

मी मोजल्या. ३७१ भरल्या. पुन्हा मोजल्या; पुन्हा तेवढ्याच.

"बाकीच्या ४१?"

"सिस्टिममध्ये आहेत, सर."

पावसात छप्पर गळून त्या ४१ ढेपांची काकवी झाली होती, असे मागाहून हमालाने सांगितले. माल बाहेर फेकला, पण त्यावरची पट्टी कुणी स्कॅन केली नव्हती. पडद्यावरच्या गुळाला ना ओल लागते, ना मुंगळे!

तुम्ही म्हणाल, या कारकुनाला यंत्राचे वावडे. छे हो! ओहायोतल्या ट्रॉय गावी २६ जून १९७४ रोजी दुकानात च्युइंगमचे पाकीट पट्टीवरून पहिल्यांदा विकले गेले, त्या क्षणाला माझा नमस्कार आहे. ५० हजारांवरच्या मालाला २०१८ पासून ई-वे बिल लागते, तेही मला मान्य. माझे भांडण आहे ते, यंत्र आणले की मोजणारा माणूस नको, या शहाणपणाशी. यंत्र आपण सांगू ते जपते. चुकीचे सांगितले तर तेही तितक्याच इमानाने जपते.

आणि हे फक्त भिवंडीतच घडते असे नाही. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेटवाल्या कंपनीने ११ कोटी डॉलरहून अधिक खर्चून नवी यंत्रणा घाईघाईने सुरू केली. १९९९ साली ऐन हॅलोविनच्या तोंडावर सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला पुरवता आल्या नाहीत. चॉकलेट तयार होते, गोदामात होते. फक्त संगणकाला त्याचा पत्ता नव्हता. आमच्याकडे नसलेला गूळ दिसला, त्यांना असलेले चॉकलेट दिसेना!

नानांचा पगार असा कितीसा होता? त्या ४१ ढेपांच्या किमतीत कितीतरी दिवस निघाले असते. शिवाय छप्पर गळायला लागल्याबरोबर ते ओरडले असते. यंत्राला ओरडता येत नाही. आणि आला तरी ऐकायला तिथे आहे कोण?

बँकेत परतून मी ३७१ हा आकडा भरला. आमच्या संगणकाने तो नाकारला. पार्टीच्या आकड्याशी जुळत नाही म्हणे!

"अहो, ४१२ टाका आणि मोकळे व्हा," शेजारचा म्हणाला.

मी टाकले नाहीत. कारण त्या ४१ ढेपांवर दिलेले कर्ज मात्र पडद्यावरचे नव्हते. ते तुमच्या-आमच्या ठेवींतून गेले होते, आणि पार्टीने ते अगदी खरेखुरे खर्च केले होते.