‘९९.९ टक्के’ आणि तळटीप

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश, प्रयोगशाळेत सिद्ध’ हा दावा जाहिरातीत ठळक असतो. चाचणी कोणत्या जंतूंवर आणि किती वेळ झाली, हे मात्र बारीक तळटिपेत दडते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि टंकात, ठळक जागी हवा. स्वतंत्र संशोधनाचा आधार सांगितल्यास त्याचा स्रोत व दिनांक देणेही बंधनकारक आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्रथम १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि, स्रोत आणि दिनांक म्हणजे पद्धत नव्हे. १० लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के मेले तरी १,००० उरतात. आणि काचेच्या बशीतील निकाल स्वयंपाकघराच्या ओट्यावर तसाच येईल, याची हमी नसते. उत्पादनाची शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेले हितसंबंध उघड करावेत, असे हीच तत्त्वे सांगतात. मग चाचणीचा खर्च कोणी केला, नमुने किती होते, तुलना कशाशी केली, हेही दाव्याशेजारीच छापले जावे. कार्यपद्धती न सांगणारा शोधनिबंध विज्ञान स्वीकारत नाही. ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या निष्कर्षाला वेगळा न्याय कशासाठी?