औषध तेच, रुग्ण निराळा

फायब्रोमायाल्जिया हा प्रौढ स्त्रियांचा विकार, असा समज आपल्या व्यवसायात दीर्घकाळ रूढ आहे. वस्तुतः युनुस आणि मासी यांनी मुलांमधील या विकाराचे वर्णन 1985 सालीच केले होते. सर्वांगदुखी, न शमणारा थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि तपासण्या मात्र निर्दोष, असे चित्र किशोरवयीन मुलींमध्ये विशेषत्वाने आढळते. अशा मुलीच्या वाट्याला 'अभ्यास टाळण्याचे निमित्त' हा शेरा येतो, नाहीतर प्रौढांना दिली जाणारी गोळी. माझ्या मते दोन्ही सारखेच अन्यायकारक आहेत.

प्रौढांतील या विकारासाठी अमेरिकेत प्रीगाबालिनला 2007, ड्युलोक्सेटिनला 2008, तर मिल्नासिप्रानला 2009 मध्ये मान्यता मिळाली. तरीही काहींना उत्तम गुण येतो आणि अनेकांना येत नाही. याचे उत्तर औषधाइतकेच रुग्णातही शोधावे लागते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ड्युलोक्सेटिनच्या एका अभ्यासात स्त्रियांना लाभ झाला, पुरुषांना झालेला दिसला नाही. अर्थात त्यात पुरुष फारच थोडे होते. वेदना कमी होण्याचा लाभ नैराश्य नसलेल्या रुग्णांनाही मिळाला, म्हणजे 'हे सारे मनाचे खेळ' हे म्हणणे टिकत नाही. प्रीगाबालिन मूत्रपिंडावाटे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते. तेव्हा मूत्रपिंड क्षीण झालेल्या वृद्धास नेहमीची मात्राही जड जाते.

वय हा तर याहून मोठा भेद होय. किशोरवयीनांवरील प्रीगाबालिनचा 107 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये आणि ड्युलोक्सेटिनचा 184 रुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य निकषावर दोन्ही औषधे प्लासिबोच्या निर्णायकपणे पुढे गेली नाहीत. असे असूनही 2020 मध्ये अमेरिकेत ड्युलोक्सेटिनला 13 वर्षांपुढील मुलांसाठी मान्यता देण्यात आली. याउलट, सिनसिनाटीच्या डॉ. सुस्मिता काशीकर-झुक आणि सहकाऱ्यांनी 11 ते 18 वयाच्या 114 मुलामुलींवर केलेला अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विचार व वर्तन यांवर आधारित मानसोपचाराने वेदना फारशी हटली नाही. परंतु मुलांचे दैनंदिन व्यवहार केवळ माहिती देण्याच्या तुलनेत अधिक सुधारले. वेदना असतानाही मूल शाळेत जाऊ लागणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आपल्या हैदराबादेत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी इंटरमीजिएट आणि प्रवेशपरीक्षांच्या चरकात असते. पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग, अपुरी झोप, खेळ नाही, ऊन नाही. हीदेखील रुग्णाची वैशिष्ट्येच आहेत. हायपोथायरॉइडिझम, ड जीवनसत्त्वाची कमतरता, संधिवात आणि क्वचित ल्युकेमिया यांचा विचार करून झाल्यावर झोप, शाळेतील गैरहजेरी, मनःस्थिती, सांध्यांची अतिलवचिकता आणि घरातील दीर्घ दुखणी यांची विचारपूस व्हावी. मग समजावणे, झोपेची शिस्त, हळूहळू वाढवीत नेलेला व्यायाम व मानसोपचार यांना अग्रक्रम असावा. औषध लागलेच, तर नैराश्यविरोधी औषधांनी तरुण वयात आत्महत्येचे विचार बळावू शकतात, हे पालकांना स्पष्ट सांगून, लक्ष ठेवूनच द्यावे.

मानसोपचार भाषेवर चालतो. म्हणून शहरातील मराठी, तेलुगू व हिंदी बोलणाऱ्या मानसतज्ज्ञांची आणि फिजिओथेरपिस्टांची यादी आपल्या मंडळाने तयार करून प्रत्येक सदस्याच्या टेबलावर पोहोचवावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. गोळीचे नाव आपल्याला पाठ असते. पुढचा पत्ताही तितकाच पाठ हवा.